ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीला रस्त्यावर परवानगी कोण देणार?

मुंबई, विशेष प्रतिनिधी - बुलेटचे कर्णकर्कश सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोड रोलर फिरविण्याचे छायाचित्र राज्यातील कोणत्या ना कोणत्या शहरातून वर्षातून एकदोनदा तरी प्रसिद्ध होते. मुंबईत सागरी किनारा मार्ग २०२४ मध्ये टप्प्याटप्प्याने खुला झाला आणि रात्री-अपरात्री सुसाट जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजाने आसपासच्या रहिवाशांची झोप उडाली. अशा वेळी ‘वेगाची एवढी हौस असेल तर ट्रॅकवर जा’ हा सल्ला हमखास दिला जातो. सल्ला रास्तच आहे. परंतु तो मनावर घेऊन खरोखरच ट्रॅकवर निघालेल्या हौशी चालकाचे पुढे काय होते, याचा विचार सल्ला देणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

‘ट्रॅक डे’ म्हणजे शर्यत नव्हे. ठरावीक शुल्क भरून, हेल्मेट घालून, आपलीच गाडी बंदिस्त सर्किटवर वीस-पंचवीस मिनिटांच्या सत्रांत चालविण्याची ती संधी असते. क्रमांक नसतात, चषक नसतो. ओव्हरटेकिंगही संयोजकांनी नेमून दिलेल्या ठिकाणीच करावयाचे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील ३.७ किलोमीटरचे मद्रास इंटरनॅशनल सर्किट, कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचे पाच किलोमीटरहून लांब बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ही या हौसेची परिचित ठिकाणे. त्यांपैकी बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीनच फॉर्म्युला वन शर्यती झाल्या आणि त्याच्या मूळ प्रवर्तक समूहातील जयप्रकाश असोसिएट्सविरुद्ध २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. महाराष्ट्रात आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या सरळ ‘ड्रॅग’ शर्यती झाल्या आहेत. अलीकडे तळेगावजवळ नानोली येथे लहान सर्किटही उभे राहिले आहे. मोठ्या सर्किटसाठी मात्र मुंबई-पुण्याच्या हौशी मंडळींना आजही हजार-बाराशे किलोमीटरची वाट तुडवावी लागते. आणि खरी अडचण या वाटेवरच आहे.

कारखान्यातून आलेली साधी गाडी सर्किटवर फार काळ टिकाव धरत नाही. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ताशी १०० किलोमीटरऐवजी १६० वरून थांबताना ब्रेकना अडीच पटींहून अधिक उष्णता पचवावी लागते आणि तीही प्रत्येक वळणापाशी. डॉट-४ दर्जाच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. परंतु हे तेल हवेतील ओलावा शोषते आणि जुने झाले की तीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ते उकळले की त्यात बुडबुडे होतात आणि पेडल थेट खाली जाते. मुंबईच्या पावसाळ्यातून निघालेल्या गाडीच्या मालकाने ही बाब विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे. म्हणूनच जाणता मेकॅनिक प्रथम तेल, ब्रेक पॅड आणि टायर बदलावयास सांगतो. हौशी मालक मात्र बहुधा उलट्या क्रमाने जातो. आधी ईसीयूचा ‘रिमॅप’, मग मोठा एक्झॉस्ट, मग खाली बसविलेले सस्पेन्शन आणि पैसे उरलेच तर ब्रेक! इंजिनाची ताकद मित्रांना सांगता येते, ब्रेक ऑइलची नाही.

या बदलांकडे कायदा कसा पाहतो? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात नमूद झालेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात याच कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले आणि बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरली. सीएनजी किट बसविण्यासाठी आरटीओची रीतसर वाट आहे. ट्रॅकसाठी केलेल्या बदलांना तशी सोपी वाट नाही. जर्मनीत तपासणी संस्थेने प्रमाणित केलेले सुटे भाग बसवून, कागदपत्रांत त्यांची नोंद करून गाडी रस्त्यावर वापरता येते. आपल्याकडे उत्तम दर्जाचे सस्पेन्शन आणि शेजारच्या गल्लीत कापून जोडलेली स्प्रिंग यांत भेद करणारी यंत्रणाच सामान्य मालकाच्या आवाक्यात नाही. त्यामुळे सावध माणूस गाडी फ्लॅटबेडवर चढवून नेतो आणि त्याचे भाडे पाहून बाकीचे तिच्याच चाकांवर रात्रीचा प्रवास करतात.

विम्याची स्थिती याहून बिकट आहे. खासगी मोटारीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ या मथळ्याखाली बारीक टाइपात काही ओळी असतात. संघटित शर्यत, वेगचाचणी, गाडीच्या टिकाऊपणाची चाचणी यांसाठी वापर झाल्यास संरक्षण नाही, असे तेथे स्पष्ट लिहिलेले असते. ट्रॅक डे ही शर्यत नाही, हा युक्तिवाद मित्रमंडळीत चालतो. ती वेगचाचणीही नाही, हे दावा हाताळणाऱ्या अधिकाऱ्याला पटवून देणे कठीण. तिसऱ्या व्यक्तीच्या भरपाईबाबतही शर्यत वा वेगचाचणीसाठी झालेला वापर हा बचाव कायद्याने विमा कंपनीला दिलेला आहे. त्यातच बदलांची माहिती कंपनीला कळविलेली नसेल, तर घरी परतताना महामार्गावर झालेल्या साध्या अपघाताचा दावाही वादात सापडू शकतो. सर्किटवर जाण्यापूर्वी संयोजक ज्या जबाबदारी-मुक्तीच्या कागदावर सही घेतात, तो वाचण्याची तसदीही थोडेच घेतात.

हा धोका काल्पनिक नाही. जानेवारी २०२३ मध्ये मद्रासच्या याच सर्किटवर राष्ट्रीय मोटार शर्यतीत ५९ वर्षांच्या अनुभवी चालकाचा मृत्यू झाला. तेथे अधिकृत शर्यतीची शिस्त होती, रुग्णवाहिका होती, वाहनांची तपासणी होती. हौशी ट्रॅक डेला या गोष्टी किती काटेकोरपणे असतात, हे संयोजकागणिक बदलते. मोटार क्रीडा महासंघाची, म्हणजे एफएमएससीआयची, परवाना-पद्धत प्रामुख्याने शर्यती आणि रॅलींभोवती उभी आहे. केवळ मौजेसाठी गाडी घेऊन आलेला माणूस तिच्या काठावरच राहतो.

सार्वजनिक रस्त्यावरील शर्यतीला कलम १८९ खाली पहिल्या गुन्ह्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. ट्रॅकसाठी सस्पेन्शन, एक्झॉस्ट आणि ईसीयू असे तीन बदल करून शांतपणे टोलनाक्यावर थांबलेल्या मालकावर, कलम १८२-अ शब्दशः लावल्यास, पंधरा हजारांपर्यंत दंड बसू शकतो. शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर सुधारित गाड्या पळविणाऱ्या पिढीला हा हिशेब मांडावा लागला नव्हता. आजच्या हौशी चालकाला मात्र गाडी गॅरेजबाहेर काढण्याआधी तो मांडणे भाग आहे. आणि कागदावर तरी सागरी मार्गावरची मध्यरात्रीची फेरी त्याला ट्रॅकपेक्षा स्वस्त पडते.