कचरा शहराचा, शिक्षा गावाला

पुण्याच्या वेशीवरील ऊरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी शहराच्या कचऱ्याच्या गाड्या वारंवार अडविल्या. दर वेळी वाटाघाटी झाल्या, आश्वासने मिळाली आणि गाड्या पुन्हा सुरू झाल्या. विहिरी नासल्या त्या मात्र गावकऱ्यांच्या. ज्यांनी कचरा केला नाही त्यांनीच तो सोसावा, हा कोणता न्याय?

कायदाच नाही, असे म्हणावे तर तसेही नाही. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेनंतर केंद्र सरकारने २००० साली नागरी घनकचऱ्याविषयी नियम केले. प्रक्रिया प्रकल्प ३१ डिसेंबर २००३ पर्यंत उभारावेत आणि जे कुजत नाही वा पुन्हा वापरता येत नाही, तेवढेच जमिनीत पुरावे, असे त्यांत स्पष्ट म्हटले होते. मुदत उलटली, कचऱ्याचे डोंगर वाढतच राहिले. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईतील देवनारची कचराभूमी पेटली आणि तिच्या धुराने महानगराचा श्वास कोंडला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक कचरा वेगळा ठेवण्याचे बंधन थेट नागरिकावर घातले. २०२६ च्या नियमांनी हे वर्गीकरण चार प्रकारांवर नेले.

हे बंधन योग्यच आहे. खरकट्यात भिजलेली रद्दी कोणी घेत नाही आणि काच-प्लास्टिक मिसळलेल्या ओल्या कचऱ्याचे चांगले खत होत नाही. उकिरड्यातून शेत पिकविणाऱ्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागले नाही. परंतु गृहिणीने दोन डब्यांत जपून ठेवलेला कचरा गाडीत एकत्रच ओतला जाणार असेल, तर उद्या तिने तो वेगळा का करावा? चुकणाऱ्या नागरिकाला दंड आणि चुकणाऱ्या प्रशासनाला मुदतवाढ, या दुजाभावातच धोरणाचे अपयश आहे.

मार्ग अज्ञात नाही. पुण्यातच कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ साली महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करण्यास प्रारंभ केला. उकिरडा उपसणाऱ्या हातांना त्यामुळे हक्काचे काम मिळाले.

मिसळलेला कचरा घराने देऊ नये आणि गाडीने घेऊ नये. ओल्या कचऱ्याची विल्हेवाट त्या त्या प्रभागातच लागावी. एवढी शिस्त समाज आणि प्रशासन यांनी मिळून पाळली, तरच नियमांना अर्थ येईल. शेजारच्या गावाची विहीर नासवून मिळविलेल्या स्वच्छतेला स्वच्छता म्हणता येत नाही.