उरलेला रंग मोरीत ओतू नका

गेल्या महिन्यात मुहैस्नाहमधले घर सोडताना, मालकाने अनामत रक्कम कापू नये म्हणून भिंती रंगवून घेतल्या. अर्धा डबा रंग उरला. रंगारी तो मोरीत ओतू लागला तेव्हा मी त्याला थांबवले. तो हसला, हसू दे!

पाण्यात मिसळणाऱ्या इमल्शनचे सोपे आहे. त्यात वाळू कालवावी (इथे वाळूला काय तोटा?), डबा उघडा ठेवून घट्ट सुकू द्यावा, मग कचऱ्यात टाकावा. ऑइलपेंट आणि थिनर मात्र पेट घेतात. उन्हाळ्यात ४५ अंशांत ते बाल्कनीत साठवू नयेत. दुबई महापालिकेकडे विचारूनच त्यांची विल्हेवाट लावावी.

माझ्या मते खरी चूक खरेदीत होते. एका लिटरमध्ये साधारण दहा चौरस मीटर भिंतीला एक हात बसतो. एवढा हिशेब मी केला असता, तर निम्मे पैसे वाचले असते.

आणि गावच्या घरी माळ्यावर जुने डबे असतील तर तेही पाहा. भारतात घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. त्याआधीचा रंग मुलांच्या खोलीला लावू नका.