गूगलने चिठ्ठी बंद केली, बरं केलं



मागच्या बॅचमध्ये एक ताई फाइल घेऊन आल्या होत्या. घरगुती मसाले, भाजण्या, मेतकूट असा त्यांचा व्यवसाय. वेबसाइट दीड वर्षापूर्वी केलेली. फाइलमध्ये त्यांच्या डिजिटल मार्केटिंगवाल्याने दर महिन्याला दिलेले रिपोर्ट. रंगीत तक्ते, आणि आत असं लिहिलेलं: ‘गोडा मसाला ऑनलाइन’ या कीवर्डवरून ४३ लोक आले, ५ ऑर्डर. ‘थालीपीठ भाजणी’वरून ३१ लोक, ४ ऑर्डर. महिन्याला ६,००० रुपये, असे नऊ महिने. म्हणजे ५४,००० रुपये गेले. ताईंचा प्रश्न साधा होता, "सर, रिपोर्टात ऑर्डरी दिसतात, मग माझ्या वहीत का दिसत नाहीत?"

मी म्हटलं, आधी त्यांना एक विचारा. कोणत्या शब्दावरून किती ऑर्डर आल्या, हा आकडा तुम्हाला मिळाला कुठून? कारण गूगलच्या साध्या, म्हणजे जाहिरात नसलेल्या निकालावर क्लिक करून आलेला माणूस काय टाइप करून आला, हे वेबसाइटला २०१३ पासून कळतच नाही.

हे ऐकून अर्धी बॅच माझ्याकडे बघत राहिली. म्हणून हा लेख.

आधी कसं चालायचं ते बघा. तुम्ही एका पानावरून लिंक दाबून दुसऱ्या पानावर गेलात की तुमचा ब्राउझर नव्या वेबसाइटला सांगतो, ‘हा माणूस अमुक पत्त्यावरून आला.’ याला रेफरर म्हणतात. गूगलच्या निकालाच्या पानाच्या पत्त्यातच तुम्ही शोधलेले शब्द असायचे. त्यामुळे गिऱ्हाईक दुकानात शिरतानाच हातात चिठ्ठी घेऊन यायचं म्हणा ना: ‘मी हे शोधत आलोय.’ ऍनालिटिक्स ती चिठ्ठी वाचायचं आणि सांगायचं, या शब्दावरून इतके लोक आले, इतका वेळ थांबले, इतक्यांनी खरेदी केली. आम्हा मार्केटिंगवाल्यांची तेव्हा चंगळ होती, खोटं कशाला बोलू.

२०१० मध्ये गूगलने एन्क्रिप्टेड सर्चची सोय दिली, म्हणजे तुम्ही शोधता ते वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून कुलूपबंद करून पाठवायचं. पण ज्याला हवं त्याने ती वापरायची, एवढंच. मग १८ ऑक्टोबर २०११ ला घोषणा झाली की जे लोक आपल्या गूगल खात्यात लॉगिन आहेत, त्यांचं सर्च आपोआप कुलूपबंद होणार आणि शब्द वेबसाइटकडे जाणार नाहीत. ऍनालिटिक्समध्ये त्या जागी ‘नॉट प्रोव्हायडेड’ असं दिसायला लागलं. तेव्हा गूगलकडून सांगितलं गेलं होतं की फरक एक अंकी टक्क्यांतच राहील. पुढे फायरफॉक्स, सफारी, क्रोम एकेक करून कुलूपबंद सर्च वापरायला लागले आणि सप्टेंबर २०१३ मध्ये गूगलने सगळ्यांसाठीच, लॉगिन असो वा नसो, ते लागू केलं. एक अंकी टक्के वगैरे राहिलं बाजूला. कीवर्डचा रिपोर्ट जवळजवळ कोरा झाला.

मी तेव्हा चिडलो होतो. वर्गात उभं राहून गूगलला नावं ठेवली होती. आज माझं मत वेगळं आहे. गूगलने चिठ्ठी बंद केली हे बरं केलं.

का? तुम्ही दुकानदार म्हणून नका बघू, गिऱ्हाईक म्हणून बघा. माणूस गूगलला जे विचारतो ते घरातल्या माणसालाही विचारत नाही. मूळव्याधीवर औषध, कर्जाचे हप्ते थकले तर काय होतं, मूल होत नाही, दारू सोडवायची आहे. असं काही शोधून तो एखाद्या अनोळखी वेबसाइटवर गेला की त्याचा प्रश्न शब्दशः त्या वेबसाइटच्या मालकाकडे जायचा, आणि साधं कनेक्शन असेल तर वाटेत फुकट वायफायवाल्यालाही वाचता यायचा. त्या माणसाने कुणाची परवानगी दिली होती? आपल्याला ती चिठ्ठी आयती मिळत होती म्हणून ती आपल्या हक्काची होती असं नाही.

पण गूगलला पूर्ण मार्क मी देणार नाही. कारण इथे दोन गोष्टींची गल्लत केली जाते. कुलूप हे वाटेतल्या चोरासाठी असतं. वेबसाइटला शब्द सांगायचा की नाही, हा कुलपाचा प्रश्नच नव्हता, तो गूगलने वेगळा घेतलेला निर्णय होता. पुरावा बघायचाय? ऑक्टोबर २०११ पासून साध्या निकालावरच्या क्लिकचा शब्द लपवला, पण जाहिरातीवर क्लिक झालं तर तोच शब्द जाहिरातदाराच्या वेबसाइटला मिळत राहिला. सर्च तेच, माणूस तोच. थेट एप्रिल २०१४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षं. माणसाची प्राव्हसी पैसे न देणाऱ्या दुकानदारापासून जपायची आणि पैसे देणाऱ्यापासून नाही, हे कसलं तत्त्व?

२०१४ नंतरही जाहिरातदाराला आपल्या गूगल ऍड्सच्या खात्यात ‘सर्च टर्म्स’चा रिपोर्ट मिळतोच. पण सप्टेंबर २०२० पासून त्यातही पुरेशा लोकांनी न शोधलेले शब्द दाखवणं बंद झालं. याचा फटका मोठ्या कंपनीला कमी बसतो, तुमच्यासारख्या रोज दोनशे रुपयांची जाहिरात करणाऱ्याला जास्त. कारण तुमचे क्लिकच थोडे, त्यातले काही कोणत्या शब्दावर गेले ते दिसत नाही, आणि पैसे मात्र त्यांचेही कापले जातात. जिथे मी पैसे मोजतोय तिथे मला निदान शब्द दाखवा, एवढी अपेक्षा रास्त आहे असं मला वाटतं.

असो. आता तुमच्या हातात काय उरलं ते बघू.

गूगल सर्च कन्सोल. फुकट आहे. यात तुमची वेबसाइट कोणत्या शब्दांवर किती वेळा दिसली, किती क्लिक मिळाले, सरासरी कितव्या नंबरवर होती हे १६ महिन्यांपर्यंतचं दिसतं. फरक नीट समजून घ्या. इथे बेरीज मिळते, माणूस मिळत नाही. ‘भाजणी’ या शब्दावर ६० क्लिक आले हे कळेल, पण त्या साठातल्या कुणी ऑर्डर दिली हे कळणार नाही. सर्च कन्सोल ऍनालिटिक्सला जोडलं तरी हेच. फार कमी लोकांनी शोधलेले शब्द इथेही लपवलेले असतात, त्यामुळे यादीतल्या शब्दांची बेरीज वरच्या एकूण आकड्याशी जुळली नाही तर घाबरू नका, तुमचं काही चुकलेलं नाही.

मग त्या ताईंच्या रिपोर्टातले आकडे आले कुठून? विचारल्यावर उत्तर आलं, "आमचं स्पेशल टूल आहे." अशी टूल्स असतात, नाही असं नाही. पण ती अंदाज देतात: या शब्दाला महिन्याला साधारण इतके सर्च, तुमचा नंबर अमुक, म्हणजे इतके लोक आले असतील. अंदाज म्हणून दाखवा की, कोण नको म्हणतंय? त्यापुढे शब्दाशब्दाच्या ऑर्डरी मांडल्या की तो अंदाज राहत नाही, ती थाप होते. तुम्हाला कुणी असा रिपोर्ट दिला तर एवढंच म्हणा, "दादा, हे सर्च कन्सोलमध्ये उघडून दाखवा." आणि सर्च कन्सोलची मालकी तुमच्याच जीमेलवर ठेवा. वेबसाइट बनवणाऱ्याच्या जीमेलवर अजिबात नको. भांडण झालं की तो जातो आणि तुमची अडचण होते.

ऍनालिटिक्समध्ये ‘डायरेक्ट’ नावाचा एक डबा असतो, त्याबद्दलही दोन शब्द. डायरेक्ट म्हणजे सगळ्यांनी तुमचा पत्ता पाठ करून टाइप केला असं समजू नका. माणूस आला कुठून हे कळलं नाही की तो या डब्यात जातो. व्हॉट्सऍपवर पाठवलेल्या लिंकवरून आलेले बरेचसे लोक इथेच पडतात, आणि आपल्याकडे धंदा तर व्हॉट्सऍपवरच चालतो! म्हणून ग्रुपवर किंवा स्टेटसला लिंक टाकताना तिच्या शेवटी यूटीएमची खूण जोडा, म्हणजे ऍनालिटिक्समध्ये तो माणूस व्हॉट्सऍपच्या नावावर वेगळा दिसेल. पाच मिनिटांचं काम आहे. आणि तुमची साइट अजून साध्या एचटीटीपीवर असेल तर आजच बदला. कुलूपबंद साइटवरून साध्या साइटवर येताना ब्राउझर रेफरर देतच नाही, त्यामुळे दुसऱ्या कुणी तुमची लिंक दिली असली तरी ते गिऱ्हाईकही डायरेक्टमध्ये जातं. सर्टिफिकेट फुकट मिळतं. त्याचे वेगळे पैसे मागणाऱ्याला आधी कारण विचारा.

सगळ्यात जुना उपाय मात्र वहीचाच. फोनवर ऑर्डर घेताना विचारायचं, "ताई, आमच्यापर्यंत कशा पोचलात? काय शोधत होतात?" लोक सांगतात. चिठ्ठी चोरून वाचण्यापेक्षा हे सरळ आहे, आणि गिऱ्हाईक जे दोन शब्द जास्तीचे बोलतं ते ऍनालिटिक्सने कधीच दिले नव्हते.

ताईंचं पुढे काय झालं? त्यांनी त्या माणसाचं काम थांबवलं. पैसे काही परत मिळाले नाहीत. आम्ही दोघांनी बसून सर्च कन्सोल जोडलं. महिन्याभराने उघडलं तर त्यांच्या थालीपीठ भाजणीच्या पानावर लोक वेगळ्याच शब्दाने येत होते: ‘उपवासाची भाजणी’. तेही बहुतेकांनी मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप केलेले. आणि वही काढली तर फोनवर तीन जणींनी तेच विचारलेलं. ताई ती भाजणी बनवतच नव्हत्या! आता श्रावणाआधी राजगिरा, साबुदाणा आणि वरीची पहिली दहा किलो भाजणी करून बघणार आहेत.

सर्च कन्सोल तुमच्या स्वतःच्या जीमेलवर कसं जोडायचं ते पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर दाखवतो. तोपर्यंत वेबसाइटचं लॉगिन कुणाकडे आहे, तेवढं शोधून ठेवा.