एक किलोमीटरची आय.व्ही.

इंडस्ट्रियल व्हिजिट म्हणजे प्रत्यक्षात काय, हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको! कारखान्यात दोन तास, रिपोर्ट मागच्या बॅचचा, आणि उरलेला वेळ ‘सर, थोडं फिरून येतो’. यंदा आमची टी.ई. सिव्हिलची आय.व्ही. मुंबईला होती. शेवटची दुपार मोकळी मिळाली, तेव्हा सगळी गँग गेटवे आणि कुलाब्याच्या शॉपिंगला पळाली. मी आणि माझा रूम पार्टनर मात्र सी.एस.टी.हून फाउंटनपर्यंत चालत गेलो. हेरिटेजची आवड वगैरे काही नाही, दोघांत मिळून दीडशे रुपये उरले होते, हे खरं कारण.

(आता तिचं नाव छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे, पण जिभेवर सी.एस.टी.च.) स्टेशनसमोर उभं राहून आम्ही आधी मान दुखेपर्यंत वर बघितलं. १८७८ ते १८८८, दहा वर्षं बांधकाम. आर्किटेक्ट एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स हे नाव जी.के.च्या पुस्तकात असतं. पण त्याच्या हाताखाली असिस्टंट इंजिनिअर होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य, आणि दगडावरची पानं, माकडं, मोर यांमागे जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या पोरांची मेहनत आहे. म्हणजे आपल्याच वयाची पोरं! त्यांना सबमिशनला हे काम मिळालं आणि आम्हाला शीट क्रमांक चारची ट्रेसिंग. असो.

तिथून दक्षिणेला निघतो तो दादाभाई नौरोजी रोड, जुना हॉर्नबी रोड. पूर्वी या भागाला किल्ल्याचा तट होता. १८६०च्या दशकात गव्हर्नर फ्रिअरने तो पाडला आणि शहराला श्वास घ्यायला जागा मिळाली. पण मला भावली ती पुढची गोष्ट. १८९६ मध्ये नियम झाला की या रस्त्यावरच्या इमारतींनी तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा सलग रस्ता ठेवायचा. वर गॉथिक करा, क्लासिकल करा, मालकाची मर्जी. खाली मात्र चालणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर पाहिजे. म्हणून आजही भर पावसात या रस्त्याचा बराच भाग छत्री न उघडता पार करता येतो. आमच्या हॉस्टेलपासून मेसपर्यंत जेमतेम ऐंशी पावलं आहेत आणि जुलैत ताट घेऊन पळावं लागतं. सव्वाशे वर्षांपूर्वी कुणाला तरी सुचलेली गोष्ट आमच्या कॅम्पसच्या प्लॅनमध्ये का नाही, हा प्रश्न मी इथे लेखी विचारून ठेवतो.

त्या कमानींखाली आता फेरीवाले आहेत. बेल्ट, चार्जर, मोबाइलची कव्हरं. ‘यांना हटवा, मग वास्तू दिसेल’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पूर्ण पटत नाही. वाट अडते तिथे शिस्त लावा, जरूर लावा. पण तो आडोसा केला कशासाठी? रस्त्यावरच्या माणसासाठीच ना! चार्जरवाल्या काकांनीच आम्हाला पेटिट लायब्ररीची इमारत दाखवली आणि पुढे अग्यारीच्या दारातले पंखवाले बैलही. अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही, पण दार बघायला पैसे पडत नाहीत.

फाउंटनला पोचलो. हा फ्लोरा फाउंटन १८६४चा, दुरुस्तीनंतर २०१९ मध्ये पुन्हा वाहता झाला. शेजारी हुतात्मा स्मारक. संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या झेललेल्यांचं. शाळेच्या इतिहासात चार मार्कांना असलेली ही गोष्ट इथे भर ट्रॅफिकमध्ये उभी आहे. रूम पार्टनर एरवी वचावचा बोलतो, इथे गप्प होता.

तिथून काळा घोड्याकडे वळलो, आणि खरं तर या लेखाचं कारण तिथे आहे. वॉटसन्स हॉटेल, म्हणजे एस्प्लनेड मॅन्शन. १८६०च्या दशकातली इमारत. कास्ट आयर्नचे खांब आणि बीम इंग्लंडमध्ये ओतले, जहाजाने आणले आणि इथे जोडले. प्रीफॅब, मित्रहो! ७ जुलै १८९६ला ल्युमिए बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा इथेच दाखवला गेला. पुढे हॉटेल बंद पडलं, आत पार्टिशनं पडून खुराडी झाली, २००५ मध्ये एक भाग कोसळला. २०१९ मध्ये लोकांना बाहेर काढलं. आय.आय.टी. मुंबईच्या अहवालाने पाडण्याची शिफारस केली, आणि वारसावाल्या इंजिनिअरांनी ‘वाचवता येईल’ म्हटलं.

कोण बरोबर, हे दोन बॅकलॉग असलेल्या पोराने सांगू नये. खालून लोक चालतात. उद्या बाल्कनी पडून कुणी मेलं तर वारसा काय कामाचा? पण कास्ट आयर्न दाबाला भक्कम, ताणाला ठिसूळ, हे आपण पहिल्याच वर्षी घोकतो. मग कुठला बीम गेला, कुठला बदलता येईल, हे एकेक तपासायचं शिक्षण आपल्याला कुणी दिलंय का? नवी बिल्डिंग डिझाइन करायला सेमिस्टरमागून सेमिस्टर, आणि जुनी दुरुस्त करायला एक इलेक्टिव्ह, तेही ‘पुरेशी मुलं नाहीत’ म्हणून रद्द झालेलं. त्या मुलांत मीही होतो, सोपा विषय घेतला होता. पाचेक वर्षांनी असाच एखादा अहवाल आपल्यापैकी कुणाच्या तरी टेबलावर येणार आहे. ‘पाडा’ लिहायला एक ओळ पुरते.

म्हणून आय.व्ही. इन्चार्ज सरांना विनंती, पुढच्या वर्षी कारखान्यानंतर अर्धा दिवस या रस्त्याला द्या, आणि रिपोर्टमध्ये एका इमारतीच्या भेगा मोजून लिहायला लावा. मागच्या बॅचचा रिपोर्ट त्याला चालणार नाही, कारण भेगा दरवर्षी बदलतात.

परतताना फाउंटनच्या फूटपाथवर पुस्तकवाल्याकडे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचं जुनं पुस्तक साठ रुपयांत मिळालं. आत कुणीतरी पेन्सिलने सगळी गणितं सोडवलेली आहेत. पाहिजे त्याने रूमवर येऊन झेरॉक्स काढावी, पुस्तक मिळणार नाही.