जुन्या संगणकाचा शत्रू त्याच्याच पोटात

१/ जुनी वस्तू जपायची तर तिला हात लावू नये, असा सर्वसाधारण समज आहे. ताम्रपटाला किंवा नाण्याला हा नियम शोभतो. १९८० आणि १९९० च्या दशकांतील संगणकाला मात्र तोच नियम मारक ठरतो. मूळ खोक्यात, कोरड्या कपाटात, कोणी स्पर्शही न केलेले यंत्र आतून संपलेले असू शकते. कारण त्याचा नाश करणारी वस्तू कारखान्यातच त्याच्या पोटात बसवलेली असते. ती वस्तू म्हणजे बॅटरी. या धाग्याचा विषय तोच.

२/ आरंभी ही बॅटरी नव्हती. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये वीज गेल्यावरही चालत राहणारे घड्याळ नव्हते. यंत्र सुरू केले की दिनांक आणि वेळ टंकावी लागे. न टंकल्यास यंत्र १ जानेवारी १९८० हाच दिवस धरून चाले. १९८४ मध्ये पीसी एटी आला आणि त्यात मोटोरोला कंपनीची घड्याळाची चिप बसली. तिच्यात अवघी ६४ बाइट स्मृती होती. वीज नसताना ही चिप जागी ठेवण्याचे काम बॅटरीकडे आले.

३/ त्या ६४ बाइटांचे मोल मोठे होते. दिनांक आणि वेळ, मुख्य स्मृती किती, फ्लॉपी ड्राइव्ह कोणत्या जातीचा आणि हार्ड डिस्क कोणत्या क्रमांकाच्या प्रकारातली, हे सारे तिथे नोंदलेले असे. बॅटरी संपली की ही नोंद पुसली जाई. डिस्कवरील मजकूर शाबूत राही, पण यंत्राला डिस्कच ओळखता येत नसे. अशी कित्येक यंत्रे ‘बिघडली’ म्हणून भंगारात गेली असतील, तर त्यात नवल नाही.

४/ एटीमध्ये बॅटरी मदरबोर्डपासून दूर, तारेने जोडलेली होती. पुढे ३८६ आणि ४८६ पिढीच्या अनेक मदरबोर्डांवर ती थेट सोल्डर केली गेली. ही पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी असे. १.२ व्होल्टचे तीन सेल मिळून ३.६ व्होल्ट. यंत्र चालू असताना ती भारित होई. वापरातही ती कालांतराने गळतेच. माळ्यावर पडून राहिली तर गळती सुरू झाल्याचे कोणाला कळतही नाही.

५/ गळते ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे तीव्र अल्कली. ते बोर्डावरील हिरव्या लेपाखाली शिरते, तांब्याच्या बारीक रेषा खाते आणि चिपच्या पायांवर हिरवट-निळा थर चढवते. अमिगा २००० मध्ये तर बॅटरी प्रोसेसरच्या अगदी जवळ आहे. लिथियम बॅटरी सुरक्षित, हाही भ्रमच. १९८९ च्या मॅकिंटॉश एसई/३० मधील ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी फुटली, तर बोर्डासह आतील धातूची चौकटही गंजते.

६/ यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. मूळ भाग काढला तर यंत्राची अस्सलता राहिली कोठे? या प्रश्नाचे उत्तर इतिहासातच आहे. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशच्या पाठीला एक लहानसे दार होते. यंत्र न उघडता त्या दारातून बॅटरी बदलता येई. म्हणजे बॅटरी ही संपणारी आणि बदलायची वस्तू आहे, हे रचनाकारांना पुरते ठाऊक होते. दिव्यातले तेल बदलले म्हणून समई वेगळी होत नाही.

७/ म्हणून मत स्पष्ट मांडायला हवे. मोहोरबंद खोक्याला चढा भाव देणारी संग्राहकवृत्ती इतिहासाचे रक्षण करत नाही. जुना संगणक हाती आला की तो सुरू करून पाहण्याचा मोह आवरावा आणि आधी बॅटरी काढावी. गळती झाली असेल, तर सौम्य व्हिनेगरने अल्कली निष्प्रभ करून बोर्ड स्वच्छ धुवावा आणि पूर्ण वाळवावा. यंत्र केवळ प्रदर्शनात राहणार असेल, तर नवी बॅटरी बसवण्याचीही गरज नाही.

८/ नवी बसवायचीच असेल, तर एक चूक जीवघेणी ठरू शकते. बाजारात सहज मिळणारा सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल पुन्हा भारित करायचा नसतो. जुने सर्किट मात्र निकेल-कॅडमियम समजून त्याच्यात वीज ढकलतच राहते. त्यामुळे सेल तापून फुटू शकतो. यासाठी मध्ये डायोड लावून ती वाट बंद करावी लागते. बॅटरी बोर्डापासून दूर, तारेवर ठेवणे उत्तम. एटीच्या रचनाकारांनी तेच केले होते.

९/ काही यंत्रांत बॅटरी दिसतही नाही. डॅलस कंपनीच्या डीएस१२८७ चिपमध्ये घड्याळ, स्फटिक आणि लिथियम सेल एकाच काळ्या ठोकळ्यात बंद होते. वीज नसताना सुमारे १० वर्षे चालावी, अशी तिची रचना. ती मुदत केव्हाच उलटली. हौशी मंडळी ठोकळा कोरून आतील टोकांना नवा सेल जोडतात. ही युक्ती कौतुकास्पद खरी, पण मूळ चिप जखमी होते. चिप काढून तिथे सॉकेट बसवणे अधिक बरे, कारण तो बदल उलटवता येतो.

१०/ सन कंपनीच्या स्पार्कस्टेशन यंत्रांत अशाच एका चिपमध्ये यंत्राचा ओळखक्रमांक आणि इथरनेट पत्ता साठवलेला असे. काही विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचे परवाने त्या ओळखक्रमांकाला बांधलेले होते. सेल मेला की यंत्र स्वतःची ओळखच विसरते. अशा वेळी दुरुस्तीची पहिली पायरी कागद आणि पेन ही आहे: जे वाचता येते, ते आधी उतरवून ठेवावे.

११/ दुसरा शत्रू वीजपुरवठ्यात दडलेला आहे. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये रिफा कंपनीचे कागदी कपॅसिटर असत. त्यांच्या आवरणाला तडे जातात, कागद दमट होतो आणि मुख्य वीज जोडताच दाट, दुर्गंधी धूर निघतो. १९८२ च्या कमोडोर ६४ चे दुखणे निराळे. त्याच्या बंदिस्त अडॅप्टरमधील नियामक बिघडला की ५ व्होल्टची पातळी चढते आणि यंत्रातील स्मृतीच्या चिपा जळतात. म्हणून अडॅप्टर आधी मोजावा, मगच जोडावा. पॉवर सप्लायचे झाकण मात्र जाणकारानेच उघडावे; आतील कपॅसिटर वीज तोडल्यावरही झटका देऊ शकतात.

१२/ दुरुस्तीने इतिहास मलिन होत नाही, याचा पुरावा ब्रिटनमध्ये आहे. ब्लेचली पार्क येथील राष्ट्रीय संगणन संग्रहालयात १९५१ चा हार्वेल डेकाट्रॉन संगणक दीर्घ दुरुस्तीनंतर २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाला. त्याच्या नळ्यांतील प्रकाशाचे ठिपके सरकताना गणना डोळ्यांनी दिसते. बंद यंत्राने ही गोष्ट कधीच सांगितली नसती.

१३/ हा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही. पुण्याच्या सी-डॅकने प्रसृत केलेले जिस्ट कार्ड पीसीत बसवले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. युनिकोड रुळण्याआधी संगणकावर मराठी कशी लिहिली जाई, हे समजून घ्यायचे तर ते कार्ड हवे, आणि कार्ड बसेल असा चालू पीसीही हवा. तो पीसी बहुधा अशाच बॅटरीच्या पिढीचा असतो. त्यात कोकण-मुंबईचा दमट पावसाळा गंजाला आमंत्रणच देतो.

१४/ तेव्हा अस्सलतेची व्याख्या बदलायला हवी. काय काढले, केव्हा काढले, त्याजागी काय बसवले, याची छायाचित्रांसह नोंद यंत्राबरोबर ठेवणे ही खरी अस्सलता. नोंद नसलेली दुरुस्ती संशयास्पद ठरते, हे खरे. पण दुरुस्तीच न केलेले यंत्र काही वर्षांनी रिकामे कवच उरते. कार्यालयांच्या आणि महाविद्यालयांच्या अडगळीत पडलेल्या जुन्या संगणकांसाठी सर्वांत तातडीचे हत्यार साधा स्क्रूड्रायव्हर आहे. गळती सुट्टी घेत नाही. झाकण आजच उघडले पाहिजे.