नॅनोसाठी कढीपत्ता कशाला उकळता? भोसरीत ठिणग्या आहेत की!

स्पष्टच बोलतो, कुणाला लागलं तर लागू दे.

२००७ साली केंद्राने नॅनो मिशन आणलं. पाच वर्षांसाठी १००० कोटी. तेव्हापासून आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांत नॅनोचा प्रोजेक्ट म्हणजे एकच रेसिपी: तुळस, कडुनिंब नाहीतर कढीपत्ता उकळा, सिल्व्हर नायट्रेट ओता, पाणी तपकिरी झालं की फोटो काढा. नाव काय, तर 'हरित पद्धत'!

आता विचारा, कण केवढा झाला? ५ नॅनोमीटर की ५०? पानाचा रस दर खेपेला वेगळा, म्हणून कणही वेगळा. वर त्याला रसातल्या पदार्थांचं आवरण. आणि नॅनोमध्ये तर आकार हाच खरा माल! तेवढ्याच चांदीचे ५० ऐवजी ५ नॅनोमीटरचे कण केले, तर पृष्ठभाग दहापट होतो. आकारच हातात नसेल तर तो प्रयोग कसला, काढाच तो.

दुसरा रस्ता १९८८ मध्येच छापून आलाय. श्मिट-ऑट आणि सहकाऱ्यांचा. धातूच्या दोन कांड्या समोरासमोर, मध्ये एखाद-दोन मिलिमीटर फट, भोवती नायट्रोजन किंवा आर्गॉन. कपॅसिटर भरला की ठिणगी पडते, धातूची वाफ होते, वायूत ती झटक्यात थंड होते आणि कण जमतात. रसायन नाही, सांडपाणी नाही. वायूचा झोत वाढवला की कण लहान. ठिणगीची ऊर्जा वाढवली, ठिणग्या भराभर पाडल्या की कण मोठे. पुढे विद्युत क्षेत्रातून नेऊन हव्या त्या मापाचे तेवढे वेचायचे. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठातून याच पद्धतीवर व्हीएसपार्टिकल नावाची कंपनी उभी राहिली.

मी टूलरूममधला माणूस. हे वाचलं आणि कपाळावर हात मारला. अहो, ही तर आमची ईडीएम! कपॅसिटर, इलेक्ट्रोड, फट, ठिणगी. लाझारेन्को दांपत्याने १९४३ मध्ये रशियात काढलेली युक्ती. आम्ही ती तेलात वापरतो, डाय कोरतो आणि उडालेला धातू गाळ म्हणून फिल्टरमध्ये सोडतो. तिथे वायूत तोच उडालेला धातू म्हणजे माल. कपॅसिटरचं गणित कोळून प्यायलेली पोरं भोसरीत गल्लोगल्ली आहेत, आणि शेजारच्या कॉलेजला त्याचा पत्ता नाही!

'माल मिलिग्रॅममध्येच निघतो' असं कोणी म्हणेल. खरंय. पण गॅस सेन्सर किंवा उत्प्रेरकाच्या पातळ थराला तेवढाच लागतो. 'कण मोजायचं यंत्र महाग आहे.' तेही खरंय. मग प्रत्येक कॉलेजने नको, विद्यापीठाने एकच घ्यावं आणि सगळ्यांना वापरू द्यावं. 'धोका आहे.' आहेच! हजारो व्होल्ट आणि छातीत जाणारी धूळ. म्हणून यंत्र बंदिस्त हवं, बाहेर पडणारी हवा फिल्टरमधून हवी. ते करायला आमचे हात आहेत.

माझी मागणी साधी आहे. विद्यापीठाने इंजिनिअरिंग, फिजिक्स आणि टूलरूम यांना एका टेबलावर बसवावं आणि ठिणगीचं एक यंत्र इथेच बांधून घ्यावं. आणि पोरांनो, प्रोजेक्टला 'नॅनो' लिहिण्याआधी सरांना एवढंच विचारा:

"सर, कण केवढा? आणि उद्या परत तेवढाच येईल का?"

उत्तर मिळालं तर इथे कमेंटमध्ये टाका. नाही मिळालं तरी टाका.