देव डोंगरावरच का?

नवरात्र जवळ आले की रायपूरच्या आमच्या शंकरनगरात घरोघरी एकच विषय निघतो, यंदा डोंगरगढला कधी जायचे? मराठी घरांत या नावाची फोड करून सांगावी लागत नाही. रेल्वेने शंभरेक किलोमीटर, मग हजारावर पायऱ्या आणि वर माता बम्लेश्वरी. रोपवेची सोय आहे, पण गुडघे कुरकुरत असले तरी ‘मी पायऱ्यांनीच जाईन’ म्हणणाऱ्या आजीबाई पुष्कळ घरांत आहेत. मुले मग हमखास विचारतात, देव सगळीकडे आहे ना? मग त्याला भेटायला एवढे चढून का जायचे?

हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. जगातल्या बहुतेक धर्मांना तो पडलेला आहे. डोंगरगढातच पाहा ना. एका टेकडीवर देवी, प्रज्ञागिरीवर भगवान बुद्ध, तर चंद्रगिरी जैनांचे तीर्थ. बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याला जन्मलेल्या आचार्य विद्यासागर महाराजांनी १८ फेब्रुवारी २०२४ रोजी याच चंद्रगिरीवर देह ठेवला. आपल्याकडे जेजुरीचा खंडोबा, वणीची सप्तशृंगी, वाडी रत्नागिरीचा जोतिबा आहेतच. मुंबईत वांद्र्याच्या टेकडीवरची माउंट मेरीही आहे. सप्टेंबरातल्या तिच्या जत्रेत ख्रिस्ती भाविकांच्या बरोबरीने हिंदू बायकाही मेणबत्त्या घेऊन उभ्या असतात.

बायबल उघडले तर तिथेही डोंगरच डोंगर दिसतात. अब्राहामाची परीक्षा मोरियाच्या डोंगरावर, मोशेला दहा आज्ञा मिळाल्या सीनायवर आणि येशूचा सर्वांत प्रसिद्ध उपदेश ‘डोंगरावरील प्रवचन’ म्हणूनच ओळखला जातो. पण त्याच बायबलात डोंगरांवरच्या पूजेविरुद्ध मोठा रागही आहे. कनान देशात टेकड्यांवर बआल आणि इतर देवांची ठाणी होती. त्यांना मराठी बायबलात ‘उच्च स्थाने’ म्हटले आहे. योशीया राजाने ती शोधून शोधून मोडून टाकल्याची हकिकत सविस्तर दिलेली आहे.

मग फरक काय? एक डोंगर पवित्र आणि शेजारचा त्याज्य, हे ठरवायचे कशावरून? सीरियातील रास शामरा येथे १९२९ पासून मातीच्या प्राचीन पाट्या सापडल्या. त्यांतल्या कथांत बआलाचे निवासस्थान ‘साफोन’ नावाचा डोंगर आहे. गंमत अशी, की बायबलातील ४८ वे स्तोत्र यरुशलेमच्या सियोन डोंगराचे वर्णन करताना हेच नाव वापरते. म्हणजे ज्यांच्याशी भांडण होते, त्यांचीच भाषा नकळत किंवा जाणूनबुजून घरात आली होती. शेजारी राहणाऱ्यांचे असेच होते.

यावर खुद्द बायबलातच दोन प्रसंग आहेत, ते मला फार महत्त्वाचे वाटतात. एलीया संदेष्ट्याने कर्मेल डोंगरावर बआलाच्या ४५० संदेष्ट्यांना आव्हान दिले. त्याच्या वेदीवर आकाशातून अग्नी उतरला आणि तो जिंकला. पण विजय पदरात पडूनही जिवाच्या भीतीने त्याला पळावे लागले आणि तो होरेब डोंगरावर पोचला. तिथे प्रचंड वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी पेटला. देव यांपैकी कशातच नव्हता. शेवटी अगदी हळू, मंद आवाज आला. कर्मेलावर अग्नीने उत्तर देणारा देव होरेबावर अग्नीत सापडला नाही!

दुसरा प्रसंग विहिरीवरचा. शोमरोनी लोक गरिज्जीम डोंगराला पवित्र मानत, यहूदी यरुशलेमला. एका शोमरोनी स्त्रीने येशूला सरळ विचारले, खरी जागा कोणती? त्याचे उत्तर असे, की ना या डोंगरावर, ना यरुशलेमात. भक्ती करायची ती आत्म्याने आणि खरेपणाने. मुलांच्या प्रश्नाला याहून सोपे उत्तर सापडायचे नाही. चढण आपल्यासाठी असते, देवासाठी नव्हे. घरचे व्याप खाली ठेवून दोन-तीन तास चालल्याशिवाय आपले मन हलके होत नाही, म्हणून डोंगर. आणि मोशेसुद्धा चाळीस दिवसांनी खाली आलाच. दहा आज्ञा पाळायच्या होत्या त्या सपाटीवर, शेजाऱ्यापाजाऱ्यांत.

इथे लेख संपवता आला असता. पण छत्तीसगढात राहून तो इथे संपवणे बरोबर होणार नाही. कारण आपल्या शेजारी असे लोक आहेत, ज्यांच्यासाठी देव डोंगरावर राहत नाही. डोंगर हाच देव असतो. दंतेवाडा जिल्ह्यात बैलाडिलाच्या रांगेत नंदराज नावाचा डोंगर आहे. त्याच्या पोटात उत्तम लोहखनिज आहे. खाणीसाठी तिथली झाडे तुटू लागली, तेव्हा जून २०१९ मध्ये हजारो आदिवासी गावागावांतून चालत किरंदुलला आले आणि दिवसरात्र बसून राहिले. ग्रामसभेची संमती खोटी दाखवली, असा त्यांचा आरोप होता. अखेर राज्य सरकारला काम थांबवून चौकशीचे आदेश द्यावे लागले. शेजारच्या ओडिशात नियमगिरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ग्रामसभांनाच विचारायला सांगितले. बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. आपल्या महाराष्ट्रात गडचिरोलीच्या सुरजागडावर ठाकूरदेवाची यात्रा जानेवारीत भरते आणि त्याच डोंगरातून लोखंडाचे दगडही निघतात.

लोखंड नको, असे आपल्यापैकी कोणी म्हणणार नाही. आपल्या घराचे गज, स्वयंपाकघरातली कढई, डोंगरगढला नेणारी गाडी, सगळे त्यातूनच आले आहे. पण आपले देऊळ आणि त्यांचा डोंगर यांत एक फरक आहे. देऊळ पडले तर पुन्हा बांधता येते. डोंगर एकदा खणून काढला की त्यावर उगम पावणारे झरेही गेले आणि देवही गेला. ‘हे लोक दगडाला देव मानतात’ असे म्हणून हसण्यापूर्वी सीनायची गोष्ट आठवावी. आज्ञा देण्याआधी त्या डोंगराभोवती सीमा आखायला सांगितली होती. माणसाने नव्हे, जनावरानेही त्याला शिवायचे नाही, अशी ताकीद होती. तो डोंगर देव नव्हता, तरीही!

देव डोंगरावर राहतो की डोंगरातच असतो, हा वाद तीन हजार वर्षांत मिटला नाही. तो आपल्या दिवाणखान्यातही मिटणार नाही. मिटायलाच हवा असेही नाही. पण दुसऱ्याच्या डोंगराला हात लावण्याआधी त्याला विचारावे, आणि तो ‘नाही’ म्हणाला तर ते ऐकावे, एवढे तर कोणत्याही धर्माच्या माणसाला जमण्यासारखे आहे.